कोयत्याची जखम भरली, मग ओपीडीत जाऊन सांगू काय?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

कळव्यात राहणारे आणि तुर्भे एमआयडीसीतील एका कारखान्यात मशीन ऑपरेटर असलेले ४६ वर्षांचे एक गृहस्थ लिहितात की, सात महिन्यांपूर्वी सेकंड शिफ्ट संपवून रात्री स्थानकाकडे चालत जात असताना मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी त्यांना अडवले, मोबाइल आणि पाकीट हिसकावले आणि प्रतिकार केल्यावर डाव्या हातावर कोयत्याने वार केला. चौदा टाके पडले. हात आता बरा आहे. एका आरोपीला अटक झाली, पण तो जामिनावर सुटला आहे आणि एकदा स्थानकाबाहेर त्यांना दिसलाही. दुसरा अजून सापडलेला नाही. तेव्हापासून त्यांना झोप लागत नाही, मागून मोटारसायकलचा आवाज आला की छाती धडधडते, आणि सेकंड शिफ्ट बदलून मागितल्यावर साहेब "हे किती दिवस चालणार?" असे विचारू लागले आहेत. महिन्यापूर्वी चौदा वर्षांच्या मुलाने गमतीने मागून खांद्यावर हात ठेवला, तेव्हा काय होते आहे हे कळायच्या आत त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. खासगी समुपदेशकाकडे ते तीनदा गेले, पण प्रत्येक वेळी दीड हजार रुपये देणे परवडेना. सध्या ओळखीच्या औषध दुकानातून झोपेच्या गोळ्या आणून घेतात. गुन्ह्यातील पीडितांना सरकारकडून समुपदेशन आणि भरपाई मिळते, असे एका हवालदाराने त्यांना सांगितले, तर शेजाऱ्याचे म्हणणे असे की, ते फक्त बायकांसाठी असते आणि "ठाण्याला (म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात) नाव नोंदवलेस तर कोर्टात वेडा ठरशील." ते विचारतात: "जखम भरलेल्या माणसाचा यावर हक्क आहे का? माझ्यापेक्षा वाईट अवस्थेतल्या लोकांचा वाटा मी घ्यावा का? आणि यामुळे केस बिघडणार नाही ना?" पत्राचा शेवट असा आहे: "कधी कधी वाटते, तो वार हाताऐवजी मानेवर बसला असता तर सगळेच सुटले असते."

उत्तर:

तुमचे शेवटचे वाक्य मी आधी घेते, कारण बाकीचे प्रश्न आठवडाभर थांबू शकतात आणि ते थांबू शकत नाही. असे वाक्य माणूस सहज लिहीत नाही, आणि लिहून झाल्यावर पत्र फाडूनही टाकत नाही, यावरून ते कोणीतरी वाचावे अशी तुमची इच्छा असणार. तेव्हा आज रात्रीच १४४१६ या क्रमांकावर फोन करा. टेली-मानस ही सरकारची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती चोवीस तास चालते, तिला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. तिथे आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि गरज वाटल्यास पुढे मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात. घरातल्या गोळ्या पत्नीच्या ताब्यात द्या आणि त्या का देत आहात हे तिला सांगा. हा विचार कसे आणि केव्हा करायचे या दिशेने सरकू लागला, तर फोनवर विसंबू नका; पत्नीला उठवा आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा, किंवा ११२ ला फोन करा.

आता तुमच्या प्रश्नांकडे वळू. हवालदार आणि शेजारी दोघेही अर्धे बरोबर सांगत आहेत, आणि त्या दोन अर्ध्या गोष्टींमुळे तुमचा गोंधळ पूर्ण झाला आहे. "गुन्ह्यातील पीडितांसाठी सरकारी समुपदेशन" अशी पाटी लावलेले एखादे कार्यालय ठाण्यात असेल, तिथे एक अर्ज भरायचा असेल आणि कोणीतरी तुमचा हात पाहून तुम्ही पात्र की अपात्र ते ठरवत असेल, असे चित्र तुमच्या मनात दिसते. प्रत्यक्षात दोन वेगळे रस्ते आहेत. एक आरोग्य खात्याचा, जिथे तुम्ही रुग्ण म्हणून जाता आणि जिथे गुन्हा सिद्ध झाला आहे की नाही याच्याशी कोणाला कर्तव्य नसते. दुसरा विधी सेवा प्राधिकरणाचा, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेचा, जिथे तुम्ही पीडित म्हणून जाता आणि जिथे कागद लागतात, चौकशी होते, वेळ जातो. माझे सांगणे मुख्यतः एवढेच आहे की, दुसऱ्या रस्त्यावर काय होते त्याची वाट पाहत पहिल्या रस्त्यावर पाऊल टाकायचे थांबू नका. "आधी दुसरा आरोपी सापडू दे", "आधी भरपाईचे ठरू दे, मग त्या पैशातून समुपदेशन" असे म्हणत म्हणत वर्ष निघून गेलेली माणसे मी पाहिली आहेत.

पण त्याआधी जखमेबद्दल. तुमच्या पत्रात "जखम तर भरली" हे शब्द तीन वेळा आले आहेत, आणि तिन्ही वेळा ते माफी मागितल्यासारखे आले आहेत. हाताची जखम भरली हे खरे. मात्र कायद्याने इजा फक्त हातापुरती कधीच मोजलेली नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २(१४) मध्ये शरीर, मन, प्रतिष्ठा किंवा मालमत्ता यांना बेकायदेशीरपणे पोहोचवलेल्या कोणत्याही हानीला इजा म्हटले आहे. हे काही आजकालच्या सुधारकांनी घुसडलेले नाही; या संहितेआधीच्या, १८६० च्या दंडसंहितेतही मन हा शब्द त्या यादीत होता. फौजदारी खटल्यांची कार्यपद्धती ठरवणारी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता पीडित कोणाला म्हणते, तर आरोपीच्या कृत्यामुळे ज्याला नुकसान किंवा इजा झाली त्याला. स्त्री की पुरुष, टाके अजून ओले की सुकलेले, असा प्रश्न त्या व्याख्येत नाही. तुमच्या हातावरचे चौदा टाके डॉक्टरांनी मोजले, कारण ते मोजता येतात. रात्री तीन वाजता खिडकीशी बसून रस्त्यावरच्या मोटारसायकली मोजणारा माणूस कोणाच्या नोंदवहीत गेला नाही. पण तीही त्याच घटनेची इजा आहे.

तुम्ही वर्णन केलेल्या गोष्टी, म्हणजे प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, तो रस्ता आणि ती वेळ टाळणे, झोप उडणे, शरीर सतत दचकण्याच्या तयारीत असणे, या अशा हल्ल्यानंतर पहिले काही आठवडे बहुतेकांना होतात आणि पुष्कळांच्या बाबतीत आपोआप ओसरतात. महिन्याहून अधिक काळ टिकल्या आणि कामात, घरात अडथळा आणू लागल्या, तर आघातोत्तर तणाव विकाराचा (पीटीएसडी) विचार तज्ज्ञ करतात. तुम्हाला तो आहे की नाही हे पत्रावरून सांगण्याचा मला अधिकार नाही. सात महिने झाले असताना तपासून घेण्याचे कारण मात्र नक्कीच आहे. यावर उपचार आहेत. आघातावर केंद्रित बोधवर्तन उपचार (विचार आणि वागण्यावर बोलून केलेले काम) किंवा डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर नावाची पद्धत यांचा चांगला उपयोग होतो, आणि साधारणपणे आठ ते बारा बैठकांचे हे काम असते, आयुष्यभराचे नाही. झोपेच्या गोळ्या हा या दुखण्यावरचा उपचार नव्हे. चिठ्ठीशिवाय त्या देणारा औषध दुकानदार तुमचा मित्र असेलही, पण त्याची ही मैत्री महागात पडणारी आहे. मात्र एवढे दिवस घेत असलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नका. त्या कशा कमी करायच्या ते डॉक्टरांना ठरवू द्या, आणि तोपर्यंत त्यांच्यावर दारू घेऊ नका.

"दुसऱ्याचा वाटा" या शंकेवर मी थोडी थांबले, कारण ती चांगल्या माणसाची शंका आहे. पण सरकारी रुग्णालयाची ओपीडी म्हणजे रेशनचे दुकान नव्हे, की तुमच्या पिशवीत पडले म्हणून मागच्याची पिशवी रिकामी राहिली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ नुसार सरकारने चालवलेल्या किंवा सरकारी निधीवर चाललेल्या सेवांमधून मानसिक आरोग्याचे उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे. प्रत्येक व्यक्तीला, सर्वांत जास्त दुःखी असलेल्या व्यक्तीला नव्हे. आणि दुःखाच्या रांगेत आपला नंबर कितवा हे ठरवत बसण्याची सवय ज्यांना असते, त्यांचा नंबर त्यांच्याच हिशेबाने कधी लागत नाही. हात कापला तेव्हा, इतरांचे पाय कापले गेले आहेत म्हणून तुम्ही टाके घालायला नकार दिला नव्हता.

आता शेजाऱ्याचे "ते फक्त बायकांसाठी". हा समज उगाच पसरलेला नाही. राज्य सरकारने २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू केलेली मनोधैर्य योजना बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतील पीडितांसाठी आहे. २०१५ पासून सुरू झालेली सखी वन स्टॉप केंद्रे हिंसाग्रस्त महिलांसाठी आहेत. तिथे वैद्यकीय मदत, पोलिसांची मदत, कायद्याचा सल्ला, समुपदेशन आणि थोड्या दिवसांचा निवारा हे एकाच छताखाली मिळावे अशी रचना आहे आणि १८१ ही त्यांच्यासाठीची हेल्पलाइन आहे. काही पोलीस ठाण्यांच्या आवारात महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष असतो, त्याची सुरुवात १९८४ मध्ये मुंबई पोलीस आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था यांनी मिळून केली होती. ज्या वाचक भगिनी स्वतःसाठी हे उत्तर वाचत असतील त्यांनी ही दारे आधी ठोठवावीत, आणि ज्यांच्या घरातील मुलावर अत्याचार झाला आहे त्यांनी मनोधैर्य योजनेतील बालक या शब्दात मुलगेही येतात हे लक्षात ठेवावे. स्त्रियांसाठी खास दारे का लागली याची कारणे तुम्हाला मी सांगायला नकोत. तुमच्यासाठी ही दारे नाहीत, हे शेजाऱ्याचे म्हणणे खरे. पण त्यावरून तुमच्यासाठी कोणतेच दार नाही असा निष्कर्ष काढणे चूक.

तुमचे दार कळव्यातच आहे. ठाणे महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे, आणि तिथला मानसोपचार विभाग तुम्हाला घरापासून सर्वांत जवळ पडेल. दुसरा पर्याय ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय. तिसरा जिल्हा रुग्णालय, कारण जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची सेवा जिल्हा रुग्णालयाशी जोडलेली असते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार विनामूल्य झाले आहेत. महापालिकेच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना तो निर्णय तसाच लागू नसल्याने तिथे केसपेपरचे थोडे पैसे लागू शकतात. ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचे, कार्ड असलेल्या कामगारांनी आपल्या ईएसआय दवाखान्यातून पुढे पाठवण्याची चिठ्ठी मागावी. तुमच्या पत्रात तुम्हाला ईएसआय नसल्याचे लिहिले आहे, म्हणून तो विषय इथेच सोडते.

"ठाण्याला" या शब्दाबद्दल मात्र सोडवत नाही. १९०१ मध्ये ते रुग्णालय उभे राहिले आणि तेव्हापासून मुंबई-कोकणात कोणाचे डोके फिरले म्हणायचे असेल तर "याला ठाण्याला पाठवा" म्हणतात. ठाण्याच्या लोकांनी हा विनोद शंभर वर्षे सहन केला आहे. तुम्ही तर कळव्याचे. रोज तुर्भ्याहून येताना ठाण्याला उतरूनच घरची गाडी पकडता. त्या रुग्णालयाच्या ओपीडीत रोज येणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक औषध घेऊन, बोलून, त्याच दिवशी घरी आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातात. पण समजा, ती पायरी चढणे तुम्हाला आज अशक्य वाटत असेल, तर स्वतःशी भांडत बसू नका. कळव्याला जा. धैर्य सिद्ध करण्यासाठी उपचार घ्यायचे नसतात.

तिथे काय होईल याची खरी कल्पना देते, नाहीतर पहिल्याच दिवशी तुम्ही परत फिराल. गर्दी असेल. सकाळी लवकर केसपेपर काढावा लागेल. मानसोपचारतज्ज्ञ कदाचित दहा मिनिटेच देतील आणि त्यातील पाच औषध लिहिण्यात जातील. खासगी समुपदेशकाच्या शांत खोलीनंतर हे फार रूक्ष वाटेल. म्हणून एक गोष्ट स्पष्ट शब्दांत मागायची: "मला औषधाबरोबर बोलून करायचे उपचारही हवे आहेत; चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची वेळ मिळेल का?" मानसोपचारतज्ज्ञ औषध देतात, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बैठका घेतात, आणि मागितल्याशिवाय एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाठवले जातेच असे नाही. रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटा. कोणत्या दिवशी कोण असते, कोणता कागद कुठे मिळतो हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते. दोन बैठकांमध्ये फार अंतर पडत असेल तर मधल्या दिवसांसाठी १४४१६ आहेच. आणि एक सावधगिरी: पहिल्याच भेटीत त्या रात्रीचा सगळा प्रसंग बारीकसारीक तपशिलांसह सांगायलाच हवा असा आग्रह कोणी धरला, तर "आज नको" म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. जाणता समुपदेशक घाई करत नाही.

एका भीतीला मात्र मी आजार म्हणणार नाही. जामिनावर सुटलेला आरोपी तुम्हाला स्थानकाबाहेर दिसला, तेव्हा तुम्हाला वाटलेली भीती हे लक्षण नव्हे, ती परिस्थिती आहे, आणि तिच्यावर श्वासाचे व्यायाम हा उपाय नाही. त्याने पाहिले, हसला, पाठलाग केला, निरोप पाठवला, असे काहीही घडले असेल किंवा पुढे घडले, तर तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून तपास अधिकाऱ्यांना लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. साक्षीदारावर दबाव आणणे हे जामीन रद्द करण्याची मागणी करण्याचे कारण ठरू शकते. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ नुसार प्रत्येक राज्याने अशी योजना करायची आहे. धमकीचे गांभीर्य पाहून संरक्षण दिले जाते. समुपदेशकालाही ही गोष्ट आधीच सांगा, म्हणजे खरी भीती आणि उरलेली भीती वेगवेगळ्या हाताळता येतील.

केस बिघडेल का? मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ३(५) सांगते की, एखाद्याला मानसिक आजार आहे असे निदान झाले एवढ्यावरून त्याचे मन विकल आहे असे मानता येत नाही. ते ठरवण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचा. साक्ष देण्याबाबत भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १२४ त्याच्याही पुढे जाते: प्रश्न समजून घेऊन त्यांची सुसंगत उत्तरे देता येतात का, एवढेच तिथे पाहायचे असते. कोयत्याचा वार झालेल्या माणसाने झोप लागत नाही म्हणून डॉक्टर गाठला, यात आरोपीच्या वकिलाला फारसे काही सापडणार नाही; उलट, मारहाणीचा परिणाम किती खोल गेला हे त्या कागदांवरून दिसते. तरी तो वकील प्रश्न विचारणारच नाही अशी हमी मी देत नाही. म्हणून सरकारी वकिलांना तुम्ही उपचार घेत असल्याचे आधी सांगून ठेवा, आणि न्यायालयात विचारले तर लपवू नका. लपवलेली गोष्ट उघड झाली की ती असते त्यापेक्षा मोठी दिसते. डॉक्टरांशी झालेले बोलणे गोपनीय ठेवणे मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ नुसार बंधनकारक आहे. त्याला अपवाद आहेत, आणि सक्षम न्यायालयाचा आदेश हा त्यांपैकी एक. पण तुम्हाला नेमके जे टाळायचे आहे, म्हणजे साहेबांना किंवा शेजाऱ्याला कळणे, ते रुग्णालयाकडून होता कामा नये.

आता दुसरा रस्ता, भरपाईचा. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९६ गुन्ह्यामुळे नुकसान किंवा इजा झालेल्या आणि पुनर्वसनाची गरज असलेल्या पीडितांसाठी आहे. पूर्वी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७-अ मध्ये होती. भरपाईची शिफारस मुख्यतः न्यायालय करते, आणि आरोपी निर्दोष सुटला तरीही पीडिताच्या पुनर्वसनासाठी ती करता येते. आरोपी मुळीच सापडला नाही आणि खटलाच उभा राहिला नाही, तर पीडित थेट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतो. चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करायची असते. वैद्यकीय मदतीसारखा तातडीचा दिलासा पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या किंवा दंडाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून प्राधिकरण देऊ शकते. तुमच्या प्रकरणात एक आरोपी सापडलेला आहे, त्यामुळे तुमची वाट बहुधा न्यायालयाच्या शिफारशीतून जाईल, आणि कोणत्या इजेला किती रक्कम हे राज्याच्या योजनेच्या परिशिष्टावर अवलंबून राहील. अर्ज मंजूर होईलच असे सांगून मी तुमच्या आशा वाढवणार नाही. पण विचारायला पैसे पडत नाहीत. ठाणे जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचे कार्यालय आहे; तिथल्या फ्रंट ऑफिसमध्ये जाऊन "कलम ३९६ खाली अर्ज करायचा आहे" असे सांगा, किंवा आधी १५१०० या विधी सेवेच्या हेल्पलाइनवर फोन करा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये मोफत कायदेशीर साहाय्याला पात्र असलेल्यांच्या यादीत औद्योगिक कामगारही आहेत, हे तुमच्या साहेबांनाही बहुधा माहीत नसेल.

हद्दीचा एक घोळ नवी मुंबईत नेहमी होतो, म्हणून सांगते. नवी मुंबई पोलीस आयुक्तालय एक असले तरी त्याच्या हद्दीत दोन जिल्हे येतात. तुर्भे, वाशी, ऐरोली, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, पनवेल हे रायगडमध्ये. तुमची घटना तुर्भ्याची असल्याने पोलीस ठाणे नवी मुंबईचे, पण प्राधिकरण ठाण्याचे. हीच घटना खारघरला घडली असती, तर रायगडच्या प्राधिकरणाकडे, म्हणजे अलिबागकडे पाहावे लागले असते.

जाण्यापूर्वी एका जाड पिशवीत कागद जमवा: एफआयआरची प्रत, जी फिर्यादीला विनामूल्य मिळते; टाके घातलेल्या रुग्णालयाचे एमएलसीचे (पोलीस प्रकरण म्हणून केलेल्या वैद्यकीय नोंदीचे) कागद आणि डिस्चार्ज कार्ड; बुडालेल्या पगाराच्या पावत्या; खासगी समुपदेशकाच्या तीन पावत्या, आणि त्या दिल्या नसतील तर आता मागून घ्या; आणि यापुढे ओपीडीचे केसपेपर. पहिल्या रस्त्यावरचे कागद दुसऱ्या रस्त्यावर कामी येतात, उपचार आधी सुरू करा म्हणण्याचे हेही एक कारण. तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणे हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार पोलिसांचे काम आहे. सात महिन्यांत तुम्हाला काही कळवले नसेल, तर त्या कलमाचा उल्लेख करून साध्या कागदावर एक अर्ज द्या. अर्जात राग नको, तारखा हव्यात.

साहेबांच्या "किती दिवस चालणार" या प्रश्नाला तुमच्याकडे आज उत्तर नाही, कारण ते कोणी तपासलेलेच नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडून ठरावीक मुदतीसाठी रात्रपाळी टाळण्याची शिफारस लेखी घ्या. तीत आजाराचे नाव नसले तरी चालते. "तीन महिने पहिली पाळी" असे मागणारा कामगार आणि "मला भीती वाटते" असे म्हणणारा कामगार यांच्याकडे कारखान्यात वेगळ्या नजरेने पाहिले जाते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

आणि मुलगा. पत्रात त्या थोबाडीत मारण्याबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्या आहेत, पण माझ्या समजुतीने संपूर्ण पत्र त्या दोन ओळींमुळे लिहिले गेले. तुम्ही त्याला पुढे काय सांगितलेत ते लिहिलेले नाही, यावरून काही सांगितले नसावे. समुपदेशन सुरू होईपर्यंत हे थांबवू नका, आणि समुपदेशकाने हे तुमच्या वतीने करावे अशीही अपेक्षा ठेवू नका. त्याला सांगा की, चूक त्याची नव्हती. मागून हात आला तेव्हा तुमच्या शरीराला तो कोयतेवाला वाटला. तरीही मारणे चूकच होते. आणि तुम्ही यासाठी डॉक्टरांकडे जाणार आहात. चौदा वर्षांच्या मुलाला एवढे कळते. यापुढे मागून येताना आधी हाक मार, एवढे त्याला सांगून ठेवा. तो कदाचित काहीच बोलणार नाही. तेव्हा त्याला बोलते करण्याचा प्रयत्न करू नका.

राहिला तुम्ही थेट न विचारलेला प्रश्न: डॉक्टरसमोर बसल्यावर बोलायचे काय, कारण खासगी समुपदेशकाकडे पहिल्या भेटीत अर्धा तास तुम्ही बोलूच शकला नव्हता आणि इथे तर दहाच मिनिटे मिळणार. मग बोलू नका. एका कागदावर लिहून न्या आणि तो टेबलावर ठेवा: घटनेची तारीख, झोप किती तास, कोणत्या गोळ्या आणि किती, मुलाला मारल्याचा प्रसंग, आणि ते मानेचे वाक्य. शेवटचे वाक्य गाळू नका. डॉक्टरांनी सर्वांत आधी तेच वाचायला हवे. नव्याने लिहिणे जड जात असेल, तर मला पाठवलेल्या पत्राचे दुसरे पान तसेच उतरवून काढा. त्यात सगळे आहे.